‘गाडी लांबूनच तशी येत होती म्हणे’

पंढरपूरहून मिरजेला येणारी एसटी. कवठेमहांकाळ मागे पडलेलं, दिवस मावळलेला. उसाचा हंगाम नुकताच सुरू झालेला, त्यामुळे रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. मी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर होतो. एक पांढरी गाडी डावीकडून घुसली, एसटीला कट मारून पुढे गेली आणि तिथे तिला अंधारात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली दिसली. गाडी पुन्हा उजवीकडे आली. आमच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, वरच्या पिशव्या खाली आल्या. एक आजी म्हणाल्या, “पांडुरंगानंच राखलं.” कंडक्टर म्हणाला, “रोजचंच आहे हे.” पांढरी गाडी मैलभर पुढेही तशीच चाललेली दिसत होती. डावी, उजवी, पुन्हा डावी.

मी नंबर टिपला आणि फोन लावला. कुठल्या कार्यालयात लावला ते महत्त्वाचं नाही, कारण हा अनुभव कुठेही आला असता. पलीकडून विचारणा झाली,

“अपघात झालाय का?”

“नाही.”

“मग?”

आवाजात उद्धटपणा नव्हता. अपघात झाला नसताना हा माणूस फोन कशाला करतोय, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं. मला उत्तर सुचलं नाही. शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, “तुमचं नाव सांगितलं नाही ना? बरं केलंत.” त्या दिवशी त्या गाडीने कुणाला उडवल्याचं माझ्या कानावर आलं नाही. म्हणजे सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. तरीही तो ‘मग?’ माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मिरजेत राहणाऱ्याला अपघात शेवटाकडून कळतो. 1894 मध्ये डॉक्टर वानलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि गावाला दवाखान्यांचं गाव म्हणून ओळख मिळाली. हाडांचा डॉक्टर कुठला, मेंदूचा कुठला, हे इथल्या रिक्षावाल्यालाही पाठ असतं. जत, सांगोला, शिरोळ, पलीकडे कागवाड-अथणीपर्यंतच्या ॲम्ब्युलन्स या गावाच्या दिशेने धावतात. दवाखान्याबाहेरच्या चहाच्या गाड्यावर रात्री-अपरात्री नातेवाईक उभे असतात आणि एकमेकांना कसं झालं ते सांगत असतात. त्या सांगण्यात एक वाक्य हमखास येतं: “गाडी लांबूनच तशी येत होती म्हणे.”

या वाक्यातला ‘म्हणे’ मला फार महत्त्वाचा वाटतो. मराठीने ऐकीव गोष्टीसाठी हा शब्द राखून ठेवला आहे. जे मी पाहिलं नाही, पण कुणीतरी पाहिलं, ते ‘म्हणे’. म्हणजे कुणीतरी पाहिलं होतं. गाडी लांबून तशी येत होती, याचा अर्थ तिच्यामागे आणि पुढे माणसं होती. त्यांनी पाहिलं, शिवी हासडली, देवाचं नाव घेतलं आणि पुढचा फाटा आला तसे आपापल्या वाटेला लागले. त्यांचं पाहणं ना जबाबात आलं, ना नोंदवहीत. दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत त्याचं ‘म्हणे’ झालं, आणि ‘म्हणे’वर कुठल्याही न्यायालयात खटला उभा राहत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि त्यांत 1,68,491 माणसं गेली. यांतले सुमारे 71 टक्के मृत्यू भरधाव वेगाच्या खात्यावर मांडलेले आहेत. वेग ही लपून करण्याची गोष्ट नव्हे. चोर अंधार शोधतो, लाच घेणारा बंद खोली शोधतो, पण सुसाट गाडी हाणणारा भर रस्त्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हाणतो. इतके साक्षीदार असलेला आणि इतकी कमी साक्ष मिळणारा दुसरा गुन्हा मला तरी आठवत नाही.

‘गुन्हा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. कारण ‘अपघात झालाय का?’ या प्रश्नामागची समजूतच मुळात चुकीची आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 281 (जुन्या दंड संहितेतलं 279) सांगतं की सार्वजनिक रस्त्यावर माणसाच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने बेदरकार गाडी चालवणं हाच गुन्हा आहे. कुणी मरावं, कुणाला खरचटावं, ही त्यातली अट नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 184 धोकादायक ड्रायव्हिंगबद्दल पहिल्याच वेळी सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगतं. तिथेही रक्ताची अट नाही. कुणी मेलं तर त्यासाठी वेगळं कलम आहे आणि त्याची शिक्षा वेगळी. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्या संध्याकाळी एसटीच्या काचेतून मी जे पाहिलं, तो पुरा झालेला गुन्हा होता. आपण मात्र कायदा मृतदेहापासून वाचायला सुरुवात करतो.

याच मिरज-पंढरपूर मार्गावर, सांगोला तालुक्यातल्या जुनोनीजवळ, 31 ऑक्टोबर 2022 च्या संध्याकाळी कार्तिकीसाठी पायी निघालेल्या दिंडीत एक भरधाव गाडी घुसली. करवीर तालुक्यातल्या जठारवाडीचे सात वारकरी जागीच किंवा थोड्या वेळाने गेले. त्यानंतर जे व्हायचं ते सगळं झालं: पंचनामा, अटक, मदतीची घोषणा, वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातमी. दिंडीच्या मागे ट्रॅक्टर असावा, रात्री चालू नये, पाठीवर चमकत्या पट्ट्या लावाव्यात, असे सल्लेही आले. ते योग्यच होते. पण लक्षात घ्या, ते सगळे सल्ले चालणाऱ्यांना होते. गाडी चालवणाऱ्यांत जे आपल्यासारखे बाकीचे असतात, तेही पाहणारे आहेत आणि त्यांनाही काही काम आहे, हे कुणी म्हटलं नाही.

हे काम आपण का करत नाही, याची कारणं खरी आहेत. आळस म्हणून ती उडवून लावता येणार नाहीत.

पहिलं कारण शाळेतलं आहे. ‘बाई, हा बघा’ म्हणणाऱ्या पोराला आपण चहाडखोर म्हणतो आणि मोठेपणीही नाव सांगणाऱ्याबद्दल मनात तीच अढी ठेवतो. पण चहाडी आणि साक्ष यांत फरक आहे, आणि तो सोपा आहे. चहाडखोर दुसऱ्याचं नाव सांगतो आणि स्वतःचं झाकतो. साक्षीदार दोन्ही नावं सांगतो. चहाडखोराला ऐकणाऱ्याची मर्जी हवी असते. साक्षीदाराला उलटतपासणी सोसावी लागते. एसटीतल्या गृहस्थांनी ‘नाव सांगितलं नाही ना?’ असं विचारलं तेव्हा माझ्या भल्याचाच सल्ला देताना ते नकळत मला साक्षीदाराच्या जागेवरून उठवून चहाडखोराच्या जागेवर बसवत होते.

गावगाड्यात एक जागल्या असायचा. रात्री गावाभोवती फिरायचा, खाकरायचा, आरोळी द्यायचा. चोरी झाल्यावर बोंब मारायला त्याची गरज नव्हती, ती कुणीही मारली असती. चोरी होण्याआधी ओरडणं हे त्याचं काम. आज भ्रष्टाचार उघड करणाऱ्यालाही आपण तोच शब्द लावतो आणि त्यात मोठेपणा मानतो. पण जुन्या व्यवस्थेची दुसरी बाजूही आठवावी. जागं राहण्याचं ओझं गावाने काही ठरावीक जातींच्या माथी मारलं होतं आणि बाकीचं गाव निवांत झोपत होतं. ‘पोलीस काय करतात?’ हा आपला आवडता प्रश्न मला त्याच झोपेचा वारसा वाटतो. पगार देऊन जागल्या नेमला आहे, मग मी का जागू? शेकडो किलोमीटरच्या महामार्गाला नेमलेले डोळे पुरत नाहीत, हे ठाऊक असूनही आपण असं विचारतो.

दुसरं कारण अधिक वजनदार आहे: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. या म्हणीमागे पिढ्यांचा अनुभव आहे आणि आपल्या काळात त्याला एक नावही आहे, रवींद्र पाटील. 28 सप्टेंबर 2002 च्या पहाटे वांद्र्यात पदपथावर झोपलेल्या माणसांवर गाडी गेली, एक जण ठार झाला, चौघे जखमी झाले. अभिनेता सलमान खानच्या संरक्षणासाठी नेमलेला हा मुंबई पोलिसांचा शिपाई त्याच गाडीत होता आणि फिर्याद त्यानेच दिली. पुढच्या पाच वर्षांत सुनावणीला गैरहजर राहिला म्हणून त्याच्यावर वॉरंट निघालं, अटक झाली, नोकरी गेली आणि ऑक्टोबर 2007 मध्ये क्षयाने तो मेला. 2015 च्या मे महिन्यात सत्र न्यायालयाने अभिनेत्याला पाच वर्षांची शिक्षा दिली, डिसेंबरात उच्च न्यायालयाने त्याला सर्व आरोपांतून मुक्त केलं. पाटील यांनी आधी दंडाधिकाऱ्यांपुढे दिलेली साक्ष पुढच्या मोठ्या आरोपासाठी ग्राह्य धरता येत नाही आणि त्यांच्या सांगण्यावर पूर्ण विसंबताही येत नाही, असं उच्च न्यायालयाने म्हटलं.

निकाल बरोबर की चूक, हा इथे माझा मुद्दा नाही. पुराव्याची कठोर पारख व्हायलाच हवी, नाहीतर उद्या खोट्या साक्षीवर कुणीही आत जाईल. मुद्दा हा की प्रकरण तेरा वर्षं चालतं आणि साक्षीदाराला तितकं आयुष्य मिळेलच असं नाही. ‘जाऊ दे की, कशाला नसती भानगड’ म्हणणारा माणूस भित्रा असेलच असं नाही. त्याने हिशेब केलेला असतो, आणि तो हिशेब चुकलेला नसतो.

कायद्यानेही हे ओळखलं, पण अर्धंच. जखमीला दवाखान्यात नेलं तर पोलीस आपल्यालाच अडकवतील, या भीतीने लोक मदत करत नव्हते. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 30 मार्च 2016 रोजी मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आलं. आता जखमीला दवाखान्यात पोहोचवून नाव न सांगता निघून जाता येतं. दवाखान्यांच्या आमच्या गावाला याचं मोल वेगळं सांगायला नको. पण यातून एक पेच उभा राहिला. मदत मिळावी म्हणून आपण मदतनिसाला साक्षीतून मोकळं केलं. तसं करणं भागच होतं. मग साक्षीच्या पिंजऱ्यात उभं कोण राहणार? ती जागा मोकळीच राहिली.

ती भरायला दोन वाटा सुचतात. पहिली बक्षिसाची. दक्षिण कोरियाने 2001 मध्ये नियम मोडणाऱ्या गाड्यांचे फोटो पाठवणाऱ्यांना पैसे द्यायला सुरुवात केली. बघता बघता कित्येकांनी तोच पेशा पत्करला. जिथे हमखास चूक होते असं वळण गाठायचं आणि दिवसभर कॅमेरा लावून बसायचं. दोन वर्षांतच ती बक्षिसं बंद करावी लागली. आपल्या शेजारी गोव्यात पोलिसांनी नोव्हेंबर 2017 मध्ये ‘ट्रॅफिक सेंटिनल’ योजना आणली: फोटो-व्हिडिओ पाठवा, गुण मिळवा, गुणांवर बक्षीस घ्या. तिनेही तक्रारी पुष्कळ गोळा केल्या आणि रोषही. 2022 मध्ये नितीन गडकरींनी चुकीच्या पार्किंगचा फोटो पाठवणाऱ्याला पाचशे रुपये देण्याची कल्पना बोलून दाखवली होती. मला ही वाट पटत नाही. पैसा आला की पाहणाऱ्याचा शिकारी होतो, आणि शिकारी सोपं सावज शोधतो. रात्रीच्या डंपरच्या मागे तो जात नाही. हेल्मेट न घालता भाजी आणायला निघालेल्या माणसाला गाठतो.

दुसरी वाट वेल्सची. तिथल्या उत्तर भागातल्या पोलिसांनी 2016 मध्ये ‘ऑपरेशन स्नॅप’ सुरू केलं आणि पुढे ते वेल्सभर आणि इंग्लंडातही पसरलं. डॅशबोर्डवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण नागरिक पाठवतात, बक्षीस नाही. मात्र पाठवणाऱ्याला स्वतःचा जबाब लिहून द्यावा लागतो आणि गरज पडल्यास न्यायालयात येण्याची तयारी दाखवावी लागते. गाडीमालकाला चौदा दिवसांत नोटीस जायला हवी, म्हणून तक्रारही लगोलग करावी लागते. यातलं यंत्र मला महत्त्वाचं वाटत नाही. त्या व्यवस्थेने पाहणाऱ्याला साक्षीदार मानलं, त्याच्याकडून जबाबदारी घेतली आणि बदल्यात ठरलेल्या दिवसांत काहीतरी करण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली, हे महत्त्वाचं. आपल्याकडे फोन लावायला क्रमांक आहेत, आपत्कालीन 112 आहे, राष्ट्रीय महामार्गासाठी 1033 आहे. पण ‘मग?’ला उत्तर देईल असा करार अजून झालेला नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. तक्रारींनी मरेल तो गरीब ड्रायव्हर. वडापच्या ट्रॅक्समध्ये माणसं कोंबून तो धावतो, कारण खेपांवर त्याचं पोट आहे. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला मागचा दिवा लावून देण्याची तसदी कुणी घेतलेली नसते आणि कारखान्यावर नंबर लावायची घाई मात्र असते. दुसरीकडे नंबरप्लेटवर 4141 ची ‘दादा’ अशी नक्षी काढून फिरणारा कुणाचा तरी पुतण्या असतो आणि त्याच्यापर्यंत तक्रार पोहोचतच नाही. हे सगळं खरं आहे. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? त्या ट्रॉलीखाली येतो तोही दुचाकीवरचा गरीबच. तक्रार न केल्याने ट्रॅक्टरवाल्याचं भलं होत नाही, त्याच्या मालकाचं होतं. खरं म्हणजे तक्रारीचं तोंड वर वळवायला हवं, आणि त्याची सोय कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 प्रमाणे त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे सांगणं मालकावर बंधनकारक आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर 2019 पासून पालक किंवा मालक दोषी धरला जातो. एकाच मालकाच्या गाड्यांबद्दल दहा नोंदी झाल्या, तर अकरावा प्रश्न ड्रायव्हरला विचारावा लागत नाही. पण नोंद होते ती सांगितल्यावर, मनातल्या शिवीची होत नाही.

दुसरा आक्षेप सुडाचा. बांधाच्या भांडणातला शेजारी उद्या गाडीचा नंबर कळवून उट्टं काढेल. काढेलही. म्हणूनच निनावी तक्रारीला मी विरोध करतो. नाव दिलं, खोटं ठरलं तर परिणाम भोगावे लागतात, एवढा धाक पुरतो. शिवाय एका फोनवर कुणी शिक्षा द्यावी असं म्हणणं नाही. पुढच्या नाक्यावर गाडी थांबवावी, श्वास तपासावा, लायसन्स पाहावं, इतकंच. निरपराध माणसाची यात दहा मिनिटं जातात. तक्रार करणाऱ्यानेही पथ्य पाळावं. गाडी चालवत मोबाईलवर चित्रण करणारा स्वतःच कलम 184 मध्ये बसतो. पाठलाग करणं, आडवी घालणं, दार उघडून कॉलर धरणं, ही साक्ष नव्हे.

कॉलरचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपल्याकडे अपघात झाला की जमाव जमतो, ड्रायव्हरला तुडवतो, गाडी फोडतो. त्या भीतीने चांगला ड्रायव्हरही जखमीला सोडून पळतो. या जमावात जबाब द्यायला कोण थांबतं? पोलिसांची गाडी दिसली की पांगापांग होते. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते गेले तेव्हा लोकांनीच गाडी चालवणाऱ्या मुलाला पकडलं, मारलंही. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. नमुना बदलता येतो, हे त्या प्रकरणाने सगळ्या महाराष्ट्राला शिकवलं. दहा माणसांनी सह्या करून दिलेले जबाब बदलणं त्यापेक्षा कितीतरी अवघड. हात उगारायला लागते त्याहून जास्त हिंमत सही करायला लागते, आणि आपल्याकडे पहिलीचा सुकाळ आहे.

आमच्या बाजूला हद्दीचीही एक अडचण आहे. म्हैसाळच्या पुढे गेलं की कर्नाटक. एमएच 10 ची गाडी अर्ध्या तासात दुसऱ्या राज्यात आणि केए 23 ची इकडे. ‘ती आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर म्हणून तयारच असतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी, असं स्पष्ट केलं आहे, आणि बेदरकार गाडी चालवणं दखलपात्र आहे. म्हणजे हद्दीची सबब कायद्याने काढून घेतली आहे. ती अजून जिभेवरून जायची आहे.

आता राहिला तो ‘मग?’. फोनवरच्या माणसाला आज मी काय उत्तर देईन, याचा मी विचार केला आहे. मी म्हणेन: अपघात झालेला नाही, म्हणूनच फोन करतोय. झाल्यावर तुम्हाला माझी गरज नाही, तिथे गर्दी असेल. गाडी मिरजेच्या दिशेने चालली आहे, शिरढोण मागे पडलं आहे, रंग पांढरा, नंबर हा, वेळ ही. माझं नाव हे, जबाब द्यायला येईन. आणि माझी एकच मागणी आहे, चार दिवसांनी मला कळवा की तुम्ही काय केलंत. काहीच करता आलं नाही असं कळवलंत तरी चालेल. उत्तर आलं की माणूस दुसऱ्यांदा फोन करतो.

यातला शेवटचा भाग त्यांच्या हातात आहे, पण आधीचा सगळा माझ्या हातात होता, आणि त्या संध्याकाळी मी तो केला नाही. ‘मग?’ ऐकल्यावर मी ‘काही नाही’ म्हणून फोन ठेवला. नाव सांगितलं नाही. शेजाऱ्याने ‘बरं केलंत’ म्हटलं तेव्हा मला थोडं हायसंही वाटलं. ती गाडी त्या रात्री कुठवर गेली मला माहीत नाही. पण तिने कुणाला गाठलं असतं, तर मिरजेतल्या एखाद्या दवाखान्याबाहेर, चहाचा ग्लास हातात धरून कुणीतरी कुणाला सांगितलं असतं, “गाडी लांबूनच तशी येत होती म्हणे.” त्या वाक्यातला न सापडणारा साक्षीदार मी असतो.